मध्यंतरानंतरचं गाणं

माझ्या नवऱ्याचा चेहरा विनोदी होता. एक भुवई वर, एक खाली, कान चेहऱ्याच्या मानाने दोन नंबर मोठे, आणि बोलण्याआधी ओठ दोनदा उघडून मिटायची सवय. तो तोंड उघडायच्या आधीच लोक हसायला तयार असायचे. आमच्या लग्नात अंतरपाट दूर झाला आणि तो चेहरा समोर आला, तेव्हा मीही फिस्सकन हसले होते. मागून आत्याने काढलेला चिमटा दोन दिवस दुखत होता. त्याने ते हसणं कधी मनावर घेतलं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं धरून चालले.

तो राजापूरकडचा, मी सांगलीची. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे आणि घरात अरे. बहरीनमध्ये आम्ही एकोणीस वर्षं काढली, ती सगळी रिफा शहरात, एकाच फ्लॅटमध्ये. आमची लेक इथेच वाढली, तिच्या तोंडी इंग्रजीच जास्त. मी शाळेत हिंदी शिकवते. तो एसीची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. सुपरवायझर म्हणजे खुर्चीवरचं काम, असं त्याच्या गावाला वाटायचं. इथे त्याचा दिवस इमारतींच्या गच्च्यांवर, एसीच्या चिलर यंत्रांशेजारी, उन्हात जायचा. पाणी प्यायला खाली उतरावं लागतं म्हणून तो पाणी कमी प्यायचा. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या गच्च्यांवर आहे. पण सगळा दोष गच्च्यांवर टाकला तर मी सुटते, आणि मला सुटायचं नाही.

गावी असताना तो भजनी बुवांकडे आठ वर्षं शिकला होता. आवाज खालचा, भरदार. मी स्वयंपाकघरात असताना तो बाथरूममध्ये अभंग म्हणायचा, तेव्हा हा आवाज त्या चेहऱ्यातून येतो हे मला दर वेळी नव्याने पटवून घ्यावं लागायचं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो दरवर्षी नाट्यपदासाठी नाव द्यायचा, आणि सेक्रेटरी दरवर्षी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "पदं गायला दुसरे आहेत हो. तुम्ही तुमची कॉमेडी ठेवा. पब्लिक तुमच्यासाठी थांबतं."

एका वर्षी त्याने हट्टाने पद लावलं. मोबाईलवर तंबोरा सुरू झाला, त्याने डोळे मिटले, ओठ दोनदा उघडून मिटले, आणि मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. ते हसणं सरकत सरकत पहिल्या रांगेपर्यंत आलं. लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना वाटलं, आता हा गंमत करणार. त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि तिसऱ्या ओळीपासून त्या पदाची नक्कलच करायला घेतली. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. येताना गाडीत तो म्हणाला, "चेहराच असला दिलान देवानं, त्याला मी काय करू गो."

मी म्हटलं, "पण हसले की नाही सगळे?" हे मी कौतुकाने म्हटलं होतं. त्याने हात पुढे करून रेडिओ लावला.

अदलियातल्या पियानोच्या बाई त्याला भेटल्या त्या एसीमुळे. बाई इंग्रज, सत्तरी ओलांडलेल्या, चाळीसेक वर्षं इथे मुलांना पियानो शिकवणाऱ्या. त्यांच्या बैठ्या घरातल्या पियानोच्या खोलीत बारा महिने एसी चालू लागायचा, कारण इथली खारी, दमट हवा लाकडात शिरते आणि सूर उतरतात. ऐन ऑगस्टमध्ये तो एसी बंद पडला. टेक्निशियन सुट्टीवर होते, म्हणून हा स्वतः गेला. छताच्या फळ्या काढून कमरेपर्यंत आत शिरला आणि काम करता करता नेहमीसारखा अभंग म्हणायला लागला. बाई खोलीत आल्या तेव्हा त्यांना शिडीवरचे दोन पाय दिसले आणि वरून आवाज ऐकू आला. त्या खुर्चीत बसून राहिल्या. अभंग थांबला तेव्हा त्या पायांना म्हणाल्या, "का थांबलात? पुढे गा."

बाईंनी त्याचा आवाज आधी ऐकला आणि चेहरा नंतर बघितला. असं करणारं माणूस त्याला आयुष्यात ते एकच भेटलं.

तेव्हापासून तो दर रविवारी, इथे तो कामाचा दिवस, संध्याकाळी कामावरून परस्पर अदलियाला जायला लागला. मी चिडवायचे, "इंग्रज सवत केलीस की रे." तो वही दाखवायचा. शंभर पानी वही, तिच्यात इंग्रजी गाणी देवनागरीत लिहिलेली, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे शब्दांच्या वर लाल पेनाने छोटी खूण. बुवांनी लावलेली शिस्त होती ती. अर्थ नंतर, श्वास आधी, असं बुवा म्हणायचे म्हणे.

ती गाणी सगळी एकाच माणसाची होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक संगीतकार. बाईंचा त्याच्यावर भारी जीव. रविवारी बाईंनी जे सांगितलं ते हा सोमवारी मला भाजी निवडता निवडता सांगायचा. हा संगीतकार तरुणपणी चर्चसाठी आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी गंभीर संगीत लिहायचा. जाणत्यांनी पाठ थोपटली, हा नाव काढणार म्हणाले. मग त्याची एका चतुर लिहिणाऱ्याशी जोडी जमली आणि दोघांनी विनोदी संगीतिकांचा धडाका लावला. लोक वेडे झाले. पैसा आला, मान आला, आणि सगळं गाव त्याच्याकडे एकच मागायला लागलं: पुढची गंमत कधी? दोघा मित्रांचं पुढे बिनसलं. हा मनात म्हणत राहिला, माझं दुसरंही ऐका. लोक म्हणाले, ऐकू हो, पण आधी ते हसण्याचं होऊ दे.

"म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच की," मी म्हटलं.

"तसलंच. वन्स मोअरपण तसलेच द्यायचे लोक." मग हातातला घेवडा खाली ठेवून तो म्हणाला, "आणि मजा ऐक. त्यालापण मुतखडा."

मी हसले. हसले त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी याला मुतखड्याची पहिली कळ आली तेव्हा तो फरशीवर गडाबडा लोळला होता. इंजेक्शन घेऊन बरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या सहलीत त्याने त्या कळेचा नाच करून दाखवला. डावा हात कमरेवर, एका पायावर गिरकी, डोळे पांढरे, आणि तीन वेगवेगळ्या सुरांत "आई गो". हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात त्याची फर्माईश व्हायची. खडे नंतरही होत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, पाणी प्या, तपासत राहा, दुखतं म्हणून पेनकिलर गिळत बसू नका. तो खिशात त्याच गोळ्यांची पट्टी ठेवायचा. घरात कधी कमरेवर हात ठेवून उभा राहिला तर आधी हसू यायचं आणि मग विचारावंसं वाटायचं. बरेचदा विचारायचं राहून जायचं.

"त्याने म्हणे सगळ्यात आनंदी चाली अशाच दुखण्यात लिहिल्या," तो सांगत होता. "दोन ओळी लिहायच्या, कळ आली की आडवं पडायचं, पुन्हा उठून दोन ओळी. आणि थिएटरात लोक पोट धरून हसतात. त्यांना काय माहीत."

"तू पण तेच करतोस," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, भुवई वर केली, आणि मी पुन्हा हसले.

त्या हिवाळ्यात बाईंनी कार्यक्रम ठरवला: त्या संगीतकाराचं आयुष्य आणि संगीत, दीड तासाचा. बाई पियानोवर बसून गोष्ट सांगणार आणि मध्ये मध्ये त्यांचे शिष्य गाणार. मध्यंतराआधी हसवणारी बाजू, मध्यंतरानंतर दुसरी. दुसऱ्या बाजूला एकच मोठं गाणं होतं. त्या संगीतकाराचा भाऊ मरणाच्या दारात असताना त्याने भावाच्या उशाशी बसून लिहिलेलं. ते माझ्या नवऱ्याने गायचं होतं.

पण बाईंची एक अट होती. मध्यंतराआधीचं शेवटचं गाणं म्हणजे एका बढाईखोर सरकारी अधिकाऱ्याचं, धाप लागेल इतक्या वेगाने म्हणायचं. त्यांच्या शिष्यांपैकी कोणाचीच जीभ तेवढी वळेना. याची वळायची. कोकणातल्या माणसाला भांडणाचा सराव असतो, वेग आपोआप येतो. बाई म्हणाल्या, हे करा, मग ते तुमचं. चेहऱ्याआधी आवाज ऐकणाऱ्या बाईंनाही शेवटी तोच मोह झाला. मी त्यांना दोष देत नाही. मोह सगळ्यांना व्हायचा.

त्याला मात्र काही वाटलं नाही. तो इतका खुशीत मी त्याला कधी बघितला नव्हता. बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन अधिकाऱ्याच्या कोटासाठी सोनेरी फीत घेऊन आला, आणि दुसऱ्या गाण्यासाठी साधा काळा शर्ट. तो शर्ट स्वतः इस्त्री करून कपाटात वेगळा लावून ठेवला. त्या गाण्याचा सराव तो फक्त बाईंकडे आणि गाडीत एकटा असताना करायचा. मी कितीदा म्हटलं, मला म्हणून दाखव. नाही म्हणायचा.

"त्या दिवशी पहिल्या रांगेत बस आणि तोंड बंद ठेवून ऐक. एकदा तरी कोणीतरी मला न हसता ऐकलेलं मला बघायचंय. तू असलीस तर बरं."

मंडळाच्या लोकांना मीच बोलावलं. एकेकाला फोन केले, सेक्रेटरींना तर घरी जाऊन सांगितलं. मला त्यांना दाखवायचं होतं. तीस-पस्तीस जण आले, अर्धा हॉल आमचाच.

आता वन्स मोअरबद्दल सांगायला हवं. माझे वडील सांगलीत नाटकाच्या पहिल्या रांगेतले. पद आवडलं की पहिला आवाज त्यांचा. तिकीट काढून आलेल्या माणसाचा तो हक्क आहे आणि गाणाऱ्याचा तो मान आहे, असं ते म्हणायचे. ताप असो, घसा बसलेला असो, वन्स मोअर आला की गायचं. जो नाही म्हणाला तो माणसातून उठला. हे सगळं मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच नवऱ्याला ठासून सांगितलं होतं, आणि वडिलांसमोर त्याला एकच पद तीनदा गायला लावलं होतं. तेव्हा वडील एकटेच न हसता ऐकत होते, ते मला आत्ता लिहिताना आठवलं.

कार्यक्रम गुरुवारी होता. सकाळी मी चहा घेऊन गेले तर तो दोन पांघरुणं घेऊन कुडकुडत होता. कपाळ तापलेलं.

"काय नाय गो. एसी जास्त झाला."

"एसीवाल्याला एसी जास्त झाला? नाटकं करू नकोस, दवाखान्यात चल."

तो उठून बसला. "गेलो तर ते ठेवून घेतील. मग संध्याकाळचं काय? उद्या सकाळी चल, सात वाजता चल, मी गाडी काढतो. आजचा दिवस जाऊ दे." त्याचा चेहरा तेव्हा अजिबात विनोदी नव्हता. मला माहीत होतं की तो कशासाठी थांबलाय. म्हणून मी तापाची गोळी दिली आणि शाळेत गेले. दुखतंय का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असं मला वाटतं.

हॉल एका क्लबचा होता, छोटासा. बाई छान बोलल्या. लहान मुलींनी दोन गाणी म्हटली, एका गोऱ्या म्हाताऱ्याने एक म्हटलं. मग सोनेरी फितीचा कोट घालून हा आला आणि आमचा अर्धा हॉल नुसत्या येण्यालाच हसला. गाणं सुरू झालं. काय वेग होता. शब्द नुसते ओतत होता, एकही सांडत नव्हता. गोरे लोकही पुढे सरकून बसले. शेवटच्या कडव्यात त्याचा डावा हात कमरेवर गेला. तो एका पायावर अर्धा फिरला, डोळे वर गेले, आणि एका सुरावर आवाज फाटला. आमचे लोक फुटलेच. खड्याचा नाच, तोही इंग्रजी गाण्यात. मीही हसले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि मी वडिलांसारखी उभी राहून ओरडले, "वन्स मोअर."

शेजारी लेक मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. ती काहीतरी बोलली. काय ते मी तेव्हा ऐकलं नाही.

माझ्यामागून सगळे ओरडले. गोऱ्यांना आधी कळेना, मग त्यांनीही ताल धरला. बाईंनी पियानोवरून त्याच्याकडे मान वर करून बघितलं. विचारत होत्या. तो घामाने भिजला होता. त्याने हॉलकडे बघितलं, मग मला शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. त्याने बाईंना मान हलवून हो म्हटलं.

त्याने पूर्ण गाणं पुन्हा म्हटलं. त्याच वेगात. हात पुन्हा कमरेवर गेला, तो पुन्हा फिरला, आणि लोक या वेळी आधीपासूनच वाट बघत असल्यामुळे दुप्पट हसले.

मध्यंतरात मी आत गेले तर तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. काळा शर्ट हातात होता, पण एकच बाही घातलेली. दात वाजत होते. बाई त्याच्या शेजारी जमिनीवरच बसल्या होत्या, त्या वयात. तो मला म्हणाला, "पाच मिनटं दे. पाच मिनटांत उठतो." ॲम्ब्युलन्स यायच्या आधी त्याने हे चार वेळा म्हटलं. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा वही मागितली. मी दिली. ती त्याने छातीवर ठेवली.

खडा अडकून बसला होता, वर सगळं साचलं होतं, आणि पू रक्तात उतरला होता. आयसीयूत चार दिवस. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून? मी म्हटलं, सकाळपासून. त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, सकाळीच आणलं असतं तर? आणि नंतर, संध्याकाळी एक तास आधी आणलं असतं तर? त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. सोमवारी तो गेला. अंत्यविधी इथेच केला. राजापूरचे लोक व्हिडिओ कॉलवर होते.

मंडळाने शोकसभा ठेवली. तोच हॉल, जिथे तो गणपतीत नक्कल करायचा. फोटोही हसराच लावला होता, कारण दुसरा कोणाकडे नव्हता. माझ्याकडेही नव्हता. अदलियाच्या बाई आल्या होत्या. त्यांनी आधी फोन करून विचारलं होतं, ते दुसरं गाणं मी वाजवू का, नुसतं पियानोवर? मी हो म्हटलं होतं. सेक्रेटरींनी कीबोर्डची सोय केली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, ते वाजवू द्याच. पण आधी त्यांचा तो व्हिडिओ लावू या का? त्यांना रडकं वातावरण आवडायचं नाही." लेकीने मध्यंतर होताच, आत काय झालंय ते कळायच्या आधी, तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. नंतर सगळ्यांनी तो कितीदा तरी बघितला होता. मी बघितला नव्हता.

पडद्यावर तो आला आणि लोक रडता रडता हसायला लागले. मी त्याचा हात बघत होते. आता मला दिसत होतं. कमरेवर गेलेला हात नाचातल्यासारखा नव्हता. बोटं आत रुतली होती. गाणं संपलं. मोबाईल लेकीच्या हातात, माझ्या शेजारी, म्हणून आमचे दोघींचे आवाज सगळ्यात मोठे आले. आधी तिचा.

"मम्मा, वेट. समथिंग इज राँग विथ बाबा."

मग माझा. "गप गं." आणि लगेच, हसत, "वन्स मोअर."

कदाचित टाळ्यांच्या गोंगाटात बऱ्याच जणांच्या ते लक्षातही आलं नसेल. लेक माझ्या शेजारी बसली होती. तिने ते आधीच ऐकलं असणार, कितीतरी वेळा, एकटीने, आणि मला सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

मग बाई कीबोर्डवर बसल्या. मी वही उघडली. त्या गाण्याचा अर्थ मी इथे सांगणार नाही, तो मला माझ्यापाशी ठेवायचा आहे. चाल संथ होती. गाणारा नव्हता, म्हणून नुसती साथ ऐकू येत होती. जिथे त्याचा आवाज यायचा तिथे बाई थोड्या हळू वाजवत होत्या, त्याला जागा द्यावी तसं. मी लाल खुणा बघत गेले. या शब्दावर श्वास. इथे श्वास. शेवटच्या ओळीच्या आधी दोन खुणा होत्या, एकावर एक. बहुतेक तिथे त्याचा श्वास पुरत नसावा. त्या जागेवर मी श्वास घेतला.

कोणी हसलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते लोक त्याला न हसता ऐकत होते, आणि ते बघायला तो नव्हता. गाणं संपलं तसं कोणाला कळेना की टाळ्या वाजवायच्या की नाही. सेक्रेटरी मागे उभे होते. त्यांचे गाल ओले झाले होते. आमच्यात मान द्यायची जी रीत आहे तीच त्यांना आठवली, आणि ते हळू आवाजात म्हणाले, "वन्स मोअर."

बाईंचे हात अजून कीबोर्डवरच होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी त्याच्याकडे बघितलं होतं तसंच, विचारत.

मी मान हलवून नाही म्हटलं.